चार किलोमीटरचा चमत्कार

रविवारी सकाळी साडेआठ वाजता, बंद पडलेल्या टायर-गोदामामागच्या मैदानात सत्तेचाळीस गाड्या रांगेत उभ्या होत्या. मी मोजल्या, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं आणि मामाने मला गाडीत तोंड उघडायला बंदी घातली होती. सत्तेचाळीस डॅशबोर्डांवर तोच एक पिवळा दिवा पेटलेला होता, इंजिनाच्या चित्राचा. आणि दिव्यामागे बसलेल्या सत्तेचाळीस जणांच्या चेहऱ्यावर दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसाची कळा होती.

रांगेच्या टोकाला बॉनेटबाबा उभे होते. अंगात पांढराशुभ्र बॉयलर सूट, छातीवर एक मोठा खिसा, पायात पांढरे बूट. उभं आयुष्य गाड्यांत घालवलं असं सांगणाऱ्या माणसाच्या कपड्यांवर ग्रीसचा एक थेंब नसेल, तर तो एकतर सिद्धपुरुष असतो, नाहीतर त्याने गाडीला कधी हातच लावलेला नसतो. मैदानातल्या लोकांनी एकमताने पहिला पर्याय निवडला होता.

आमच्या पुढे एका भाजीवालीचा छोटा टेम्पो होता. आधी बाबांचा चेला आला. त्याला सगळे मॅटवाला म्हणत, कारण त्याच्या खांद्यावर रबरी मॅटांची चवड असायची. "पायाखालची भूमी आधी शुद्ध करावी लागते," असं सांगून तो डोक्यापासून कमरेपर्यंत स्टिअरिंगखाली शिरला. मॅट चौकोनी होती, जागा चौकोनी होती, तरी त्याला चांगलं अर्धं मिनिट लागलं. मला वाटलं, भाविक माणूस आहे, कोपरे नीट बसवत असेल.

मग बाबांनी बॉनेटवर डावा तळवा ठेवला आणि उजवा छातीवरच्या खिशावर. भाजीवालीने चावी अर्धी फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही, डोळे मिटायचे आणि एकवीस श्वास मोजायचे. बाबांनी हनुवटी छातीला टेकवली आणि ध्यान लावलं. मैदान इतकं गप्प झालं की मागच्या गाडीतलं कोणाचं तरी पोट बोललेलं ऐकू आलं.

"पी, शून्य, एक, तीन, पाच," बाबा खोल आवाजात म्हणाले. "हिचा श्वास कोंडलाय. मागे, धुराच्या नळीपाशी."

भाजीवाली हबकली. मागच्या आठवड्यात मेकॅनिकने मशीन लावून तिला हाच आकडा सांगितला होता. इथे ना मशीन, ना बॉनेट उघडलेलं. एकविसाव्या श्वासाला बाबा म्हणाले, "आता चालू कर, बाळ." टेम्पो सुरू झाला. दिवा गेलेला. लोकांच्या तोंडून एकच लांब श्वास निघाला. मॅटवाला पुन्हा कमरेपर्यंत आत शिरून मॅट झटकून आला, आणि भाजीवालीने त्याच्या हातावर मॅटचे पैसे ठेवून बाबांच्या पांढऱ्या बुटांना हात लावला.

बाबा गर्दीकडे वळले. इंजिनात चार सिलिंडर नसतात, ते म्हणाले, चार वेदना असतात. दिवा ही तक्रार नसते, हाक असते. मेकॅनिक हाक ऐकून पाना उचलतो, मी फक्त हात उचलतो. मात्र एक पथ्य होतं. तीन दिवस त्या गाडीत कोणी शंका घ्यायची नाही. शंकेने दिवा परत येतो.

हे पथ्य मला फार आवडलं. असं पथ्य माझ्या शाळेच्या गणिताच्या पेपराला असतं तर मी पहिली आले असते.

आता मामाबद्दल सांगायला हवं, कारण जे काही पणाला लागलं होतं ते त्याचं होतं. मामा बावीस वर्षं टॅक्सी चालवतो. गिऱ्हाइकाला घराच्या पायरीपर्यंत सोडतो, पिशव्या आत ठेवतो, आणि कोणी गाडीचं कौतुक केलं तर स्वतः लाजतो. परवाना नवा करायचा तर गाडीची तपासणी पास व्हावी लागते, आणि पिवळा दिवा पेटलेली गाडी पास होत नाही. मामा एकदा नापास झाला होता. नियमाप्रमाणे पंधरा दिवसांत एकच फेरतपासणी मिळते. तीही गेली तर परवाना गेला. मग मामीच्या भावाच्या गोदामात खोकी मोजायची. मामीचा भाऊ बावीस वर्षं त्याची तिथे वाट बघतोय, आणि दर भेटीत खुर्ची रिकामी असल्याचं सांगतो.

आणि मी? मी मामाकडेच राहते आणि त्याच तपासणी केंद्रात खिडकी नंबर दोनवर बसते. मशीनमधून कागद येतो, मी त्याला पिन मारते आणि बाहेर सरकवते. मामाच्या नापासाचा कागद त्याला मीच सरकवला होता. त्यानंतर आठवडाभर तो मला घरात 'खिडकीवाल्या बाई' म्हणत होता.

आमचा नंबर आला. मॅट, तळवा, हनुवटी, श्वास.

"पी, शून्य, चार, पाच, पाच," बाबा म्हणाले. "हिच्या पोटातून काहीतरी निसटतंय. हलकं. अदृश्य."

मामाला एकदम खोकला आला आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. पण दिवा गेला होता, मामी डोळे पुसत होती, आणि मला बोलायला बंदी होती.

रविवार असल्यामुळे आमचं केंद्र बंद होतं, नाहीतर मामा तिथूनच थेट फेरतपासणीला गेला असता. मामी म्हणाली, घाई नको, तीन दिवसांचं पथ्य होऊ दे. घरी येताच पथ्य सुरू झालं. घरातला शंकेखोर प्राणी कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. मला बसने कामावर जायला सांगण्यात आलं. संध्याकाळी मामीने दारातच विचारलं, "दिवसभरात गाडीबद्दल काही मनात आलं का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "आठवून सांग."

इकडे सोमवारी खिडकीवर एक गंमत सुरू झाली. अकरा गाड्या आल्या, एकीचाही दिवा पेटलेला नव्हता, आणि अकराच्या अकरा नापास झाल्या. कारणाच्या ओळीत छापलेलं: 'स्वयं-तपासणी अपूर्ण'. लोक खिडकीशी भांडत होते. दिवा नाही तर नापास कसे? मी प्रत्येकाला सांगत होते की मी फक्त पिन मारते.

आमच्याकडे पिन खालच्या कोपऱ्यात मारायचा नियम आहे. का, ते कोणालाच माहीत नाही. पण त्यामुळे कागदाची सगळ्यात खालची, एरवी कोणीही न वाचलेली ओळ माझ्या नजरेखालून जाते. ती ओळ अशी होती: 'कोड पुसल्यापासून अंतर: ४ किमी'. पुढचा कागद: ४ किमी. त्याच्या पुढचा: ४ किमी. एकाच कागदावर ७ होतं. मी त्या माणसाला विचारलं, वाटेत कुठे थांबलात का? तो म्हणाला, दाढी करून आलो, तुम्हाला कसं कळलं? त्या क्षणी मला बॉनेटबाबांच्या धंद्यात किती मजा असेल ते समजलं.

मी अकरा कागद घेऊन मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे केंद्राच्या मुख्य तपासनीस. गळ्यात दोरीला चष्मा, आवाज कधी चढत नाही, आणि बोलण्यात उत्तरांपेक्षा प्रश्न जास्त. त्यांनी कागद टेबलावर ओळीने मांडले.

"या सगळ्या गाड्या सकाळी कुठे होत्या, विचारलंस?"

विचारलं होतं. टायर-गोदामामागे. मॅडमनी चष्मा काढला, स्कूटर काढली आणि जाऊन आल्या. केंद्राच्या फाटकापासून मैदानापर्यंत चार किलोमीटर आणि एक छोटं वळण.

मग त्यांनी मला समजावलं, तेच तुम्हाला सांगते. गाडीत एक छोटा संगणक असतो. तो इंजिनाच्या वेगवेगळ्या भागांची सतत परीक्षा घेत असतो. कुठे बिघाड सापडला की त्याचा कोड लिहून ठेवतो आणि दिवा पेटवतो. काड्यापेटीएवढं यंत्र स्टिअरिंगखालच्या खाचेत लावलं की फोनवर तो कोड वाचता येतो, आणि एक बटण दाबून पुसताही येतो. पुसला की दिवा जातो. बिघाड मात्र होता तिथेच असतो. शिवाय पुसताना परीक्षांचे सगळे जुने निकालही जातात आणि संगणक पहिल्यापासून परीक्षा घ्यायला बसतो. त्याला काही दिवस लागतात. तोवर आमचं मशीन म्हणतं: अपूर्ण. आणि पुसल्यापासून गाडी किती चालली, तेही संगणक इमानदारीत मोजत राहतो.

"म्हणजे गाडीच साक्ष देतेय," मी म्हटलं.

"ती रोजच देते," मॅडम म्हणाल्या. "तू आज वाचलीस."

संध्याकाळी मी हे सगळं मामाला सांगितलं. कागदाचे फोटो दाखवले. चार, चार, चार, दाढी, चार. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मामीकडे वळून म्हणाला, "हिने शंका घेतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा परत आला.

त्या सकाळी घरात जे झालं त्याला मी सुनावणी म्हणेन. आरोप मान्य होता, पुरावा डॅशबोर्डवर पेटलेला होता. मी सांगून पाहिलं की मी शंका घेतली नसती तरी दिवा आलाच असता. त्यावर मामी म्हणाली की हीसुद्धा शंकाच. मामाने मग बेत जाहीर केला. उद्या पुन्हा बाबांचा हात लावून घ्यायचा आणि तिथूनच सरळ केंद्रात. दिवा परतायला दोन दिवस लागतात, केंद्र चार किलोमीटरवर. शंकेला वेळच द्यायचा नाही.

तो केंद्रात आला असता, मशीनने 'अपूर्ण' छापलं असतं, मी पिन मारली असती, आणि बावीस वर्षांची टॅक्सी माझ्याच हाताने खिडकीबाहेर सरकली असती. मी म्हटलं, मामा, पाया पडते, फेरतपासणी एकदाच मिळते. तो म्हणाला, म्हणूनच तर बाबांकडे जातोय.

मी येऊ नये असं त्याला वाटत होतं. मामी मात्र हट्टाला पेटली, की पोरीला घेऊनच जायचं, बाबांकडून तिची शंका एकदाची उतरवून घ्यायची. मी मान खाली घालून तयार झाले. बुधवारी निघायच्या आधी गाडी पुसायला गेले, स्टिअरिंगखालची खाच शोधली आणि तिच्यावर औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी आडवी-उभी लावली. मग मॅडमना फोन केला.

मैदानात तीच रांग. आमच्या मागे तोच भाजीचा टेम्पो. दिवा परत आल्यामुळे भाजीवाली दुसऱ्यांदा आली होती आणि तिने त्याबद्दल सकाळपासून नवऱ्याला धारेवर धरलं होतं. गर्दीत एका कडेला हातात पिशवी घेऊन मॅडम उभ्या होत्या.

मॅटवाला आत शिरला. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. आतून खरडल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा लाल झाला होता आणि बाबांकडे बघून त्याने मान अगदी थोडीशी हलवली. पण बाबा एव्हाना डोळे मिटून उभे होते, आणि सत्तर माणसांसमोर उघडून बघणं बरं दिसलं नसतं. तळवा, हनुवटी, एकवीस श्वास. या वेळी आकडा काही आला नाही.

"आता चालू कर, बाळ."

मामाने गाडी चालू केली. दिवा जसाच्या तसा.

बाबांनी डोळे उघडले. "या गाडीत शंका आहे."

मामा आणि मामीने एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं. मी निमूट उतरले आणि वीस पावलं लांब जाऊन उभी राहिले. पुन्हा हात, पुन्हा श्वास. दिवा तसाच. बाबांनी मामीला विचारलं, अजाणता काही मनात आलं का? मामी, जिने तीन दिवस घरात माझी झडती घेतली होती, ती घाबरून म्हणाली, रात्री एकदा वाटलं होतं, की बाबांना पांढरे कपडे धुवायला कोण मदत करत असेल. मामी उतरली. दिवा तसाच. मग बाबांनी मामालाही उतरवलं. आता गाडीत कोणीच नव्हतं. एक नवी मॅट होती आणि पिवळा दिवा होता.

"मग आता शंका कोण घेतंय?" मागून भाजीवालीने विचारलं.

बाबांनी बॉनेटकडे पाहिलं. "गाडी," ते म्हणाले. "गाडीच शंका घेतेय."

मला वाटतं, बाबा तिथेच थांबले असते तर लोकांनी तेही मानलं असतं. पण मॅडम पुढे आल्या. त्या वाकल्या, स्टिअरिंगखालून चिकटपट्टी सोलून काढली आणि मॅटवाल्यासमोर हात पसरला, वर्गात च्युइंगगम मागणाऱ्या बाईंसारखा. त्याने मूठ उघडली. आत काड्यापेटीएवढं काळं यंत्र होतं.

"आणि छातीवरच्या खिशात काय आहे?" मॅडमनी बाबांना विचारलं.

बाबा म्हणाले, श्रद्धा. तेवढ्यात खिसा वाजला. खिशाच्या आतल्या बाजूला हनुवटीकडे तोंड करून एक खिडकी कापलेली होती, आणि तिच्यातून फोन वर बघत होता. बाबा छातीला हनुवटी टेकवून ध्यान करत होते, ते हे.

मॅडमनी भाषण केलं नाही. ते यंत्र त्यांनी भाजीवालीच्या टेम्पोला लावलं, आपल्या पिशवीतला फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ताई, हे बटण दाबा. श्वास मोजायची गरज नाही." भाजीवालीने हात पदराला पुसून बटण दाबलं. मग गाडी चालू केली. दिवा गेला. ती फोनकडे बघत राहिली.

"एवढंच?"

"दिवा घालवायला एवढंच. बिघाड घालवायला धुराच्या नळीवरचा एक भाग बदलावा लागेल. तुमच्या मेकॅनिकने खरं सांगितलं होतं."

भाजीवाली नवऱ्याकडे वळली. "मी त्याला चोर म्हणाले होते," ती म्हणाली. "जाऊन माफी माग."

लोक आता बाबांच्या स्वतःच्या गाडीकडे बघायला लागले होते. कोणीतरी आत डोकावलं. तिच्या डॅशबोर्डवर, जिथे दिवा असतो तिथे, काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवलेला होता. बाबा म्हणाले की ही त्यांनी घेतलेली आपल्या सर्वांची परीक्षा होती. मॅडम म्हणाल्या, चला, निकाल चौकीत लावू.

मामा मात्र कशाकडेच बघत नव्हता. तो गाडीच्या मागच्या चाकाशी उभा होता, खांदे पाडून, खोकी मोजायला आत्ताच निघाल्यासारखा. मॅडमनी त्याच्या गाडीला यंत्र लावलं, पण काही पुसलं नाही, फक्त वाचलं. मग त्याच्यापाशी जाऊन विचारलं, "दिवा लागायच्या आधी गाडीत शेवटचं काय बदललंत?"

मामा बाहीने मागची काच पुसायला लागला.

"काहीही. लहानसं असलं तरी."

मामाने मामीकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि पेट्रोलच्या टाकीची झडप उघडली. आत टाकीच्या झाकणाच्या जागी एक लालभडक बरणीचं झाकण बसवलेलं होतं, वरून काळ्या टेपचे तीन वेढे.

"हे माझ्या बरणीचं झाकण आहे," मामी म्हणाली. "महिनाभर शोधतेय मी. पोरीवर आळ घेतला."

तो आळ मला आठवत होता. मग मामाने सगळं सांगितलं. पंपावर मूळ झाकण विसरला होता. परत गेला तेव्हा सापडलं नाही. बावीस वर्षांत अशी चूक कधी केली नव्हती, म्हणून कोणाला सांगायची लाज वाटली. बरणीचं झाकण बरोबर बसलं, त्याला वाटलं काम झालं. मागे बसलेली गिऱ्हाइकं वास येतो म्हणायची, तेव्हा तो शेजारच्या गाडीकडे बोट दाखवायचा.

"टाकीतून वाफ निसटतेय, एवढंच तुमची गाडी सांगत होती," मॅडम म्हणाल्या. "एखाद्याने मागे सिगारेट पेटवली असती तर तिला सांगायचीही गरज उरली नसती."

मी मामाला विचारलं, तुला तर ठाऊक होतं, मग बाबाकडे कशाला गेलास? त्याने जे उत्तर दिलं ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

"मेकॅनिक विचारतो, काय केलंस," मामा म्हणाला. "बाबाने काहीच विचारलं नाही. म्हणून गेलो."

फेरतपासणीला सहा दिवस उरले होते. नवं झाकण बसवलं, टक असा आवाज येईपर्यंत फिरवलं, मगच मॅडमनी कोड पुसला. आणि मामाला सांगितलं: टाकी अर्धी ठेवायची, काठोकाठ नाही आणि तळालाही नाही. गाडी रात्रभर हलवायची नाही. सकाळी थंड इंजिन चालू करून दोन मिनिटं उभी ठेवायची, मग मोकळ्या रस्त्यावर पंधरा मिनिटं एका वेगाने, आणि शेवटी ब्रेक न दाबता वेग उतरू द्यायचा. हे रोज.

मामाने सगळ्या पायऱ्या बोटांवर मोजल्या. "हाही एक विधीच झाला की," तो म्हणाला.

"फरक आहे," मॅडम म्हणाल्या. "बाबाचा विधी फसला तर चूक तुमची. हा फसला तर चूक माझी. येऊन मला सांगायचं, आणि आपण पुन्हा शोधायचं."

सहाव्या दिवशी मामा केंद्रात आला. नात्यातली गाडी म्हणून या वेळी मॅडमनी मला कागदाला हात लावू दिला नाही, पिनसुद्धा त्यांनीच मारली. मी फक्त मान लांब करून खालची ओळ वाचली. स्वयं-तपासणी पूर्ण. कोड पुसल्यापासून अंतर: २३८ किमी. बिघाड: नाही.

लाल झाकण मामीने चार वेळा धुतलं, तरी पेट्रोलचा वास गेला नाही, तेव्हा तिने ते मामाला कायमचं देऊन टाकलं. त्यात आता तो सुटे पैसे ठेवतो. बाबांची मॅट आमच्या दाराशी आहे. खरं सांगायचं तर मॅट चांगली होती.

आता तुमच्यासाठी एवढंच. तुमच्या गाडीत, घरात किंवा अंगात कधी पिवळा दिवा लागला, तर तो घालवणारा माणूस आधी शोधू नका. तो का लागला, हे विचारणारा शोधा. तो विचारेल, शेवटचं काय बदललं, आणि ते सांगायला तुम्हाला लाज वाटेल. वाटू दे. सांगा. उत्तर बहुतेक वेळा बरणीच्या झाकणाएवढं असतं.

केंद्रातून घरी जाताना मी सवयीने मागचं दार उघडलं. मामाने आतून पुढचं दार ढकललं.

"पुढे बस," तो म्हणाला. "शंका असेल त्याने पुढेच बसायचं. मागून काही दिसत नाही."